काळी पडलेली पिन

गिझरच्या प्लगची एक पिन काळी पडली होती. दोन-तीन दिवस प्लास्टिक जळाल्यासारखा वास येत होता. पण पाणी तापत होतं, एमसीबी एकदाही पडली नव्हती, म्हणून मी दुर्लक्ष केलं. वायरमननं प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. पितळेची पिन मुळाशी काळीनिळी झालेली, भोवतीचं प्लास्टिक मऊ पडून वाकलेलं.

"ताई, गिझरला काही झालेलं नाही. सॉकेट ढिलं झालंय."

"मग एमसीबी का पडली नाही?"

त्याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानाचंच होतं. मी ते परीक्षेपुरतं पाठ करून विसरले होते.

नवं सॉकेट, नवा प्लग बसवून त्यानं गिझर चालू केला. मल्टिमीटरवर २२५ व्होल्ट आले. टाँग टेस्टरचा जबडा फेजच्या वायरीभोवती धरला, तेव्हा ८.५ अँपिअर. या दोन आकड्यांत सगळं आलं. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध मिळतो, सुमारे २६.५ ओहम. दोन्हींचा गुणाकार केला की शक्ती, सुमारे १९१३ वॉट. गिझरवर २००० छापलेलं आहे, पण ते २३० व्होल्ट मिळाले तर.

आता जुन्या सॉकेटकडे येऊ. पिन नीट न टेकल्यामुळे तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. गिझरच्या २६.५ पुढे अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. त्यानं धाराही किंचित घटते, ८.३ च्या आसपास येते. पण धारेचा वर्ग गुणिले रोध एवढी उष्णता त्या जागी निर्माण होते आणि ती भरते सुमारे ३५ वॉट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जोडकामाला वापरतात त्या सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण एवढीच असते. म्हणजे माझ्या भिंतीत, प्लास्टिकच्या डबीत, रोज सकाळी एक सोल्डरिंग आयर्न तापत होती. आणि एमसीबी बघते ती धारा. इथे धारा वाढलीच नव्हती, उलट कमी झाली होती. एमसीबीनं पडायचं कशासाठी?

हे कळल्यावर मी हादरले. एमसीबी आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं आपण सगळेच धरून चालतो. लूज काँटॅक्ट तिला दिसत नाही. तो नाकाला आणि हाताला कळतो.

त्याच ढिल्या सॉकेटवर मोबाइलचा चार्जर वर्षभर लावा, काही होणार नाही. तो ०.१ अँपिअर घेतो; वर्ग केला की ०.०१, म्हणजे उष्णता नगण्य. सगळी करामत त्या वर्गाची आहे.

रोध थेट मल्टिमीटरनंच का मोजू नये? गिझरच्या कॉइलला ते बऱ्यापैकी चालतं. जुन्या १०० वॉटच्या पिवळ्या बल्बला मात्र चालत नाही. हिशेबानं त्याचा रोध ५२९ ओहम, पण थंड बल्ब मोजला तर चाळीसच्या आसपास भरतो. टंगस्टनची तार तापली की रोध दहापटीहून जास्त वाढतो. म्हणूनच बल्ब बहुधा बटण दाबताक्षणी जायचा. खरा रोध चालू स्थितीतल्या व्होल्ट-अँपिअरवरून काढायचा असतो.

ज्याच्या नावाचा हा ओहम, तो गेऑर्ग ओहम जर्मनीत कोलोनला शाळामास्तर होता. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब, म्हणजे व्होल्टेज, स्थिर राहत नसे. मग त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवून स्थिर दाब मिळवला, तेव्हा कुठे आकडे जुळले. त्याचं पुस्तक १८२७ चं.

दाब स्थिर नसण्याची अडचण आपल्याला नवी नाही. घरचं मीटर त्याचा हिशेब देतं. आमच्या मीटरवर युनिटला ३२०० असं छापलं आहे, म्हणजे एका युनिटमागे लाल दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. बाकी सगळं बंद ठेवून मी फक्त गिझर लावला आणि मोजलं. मिनिटाला १०२, म्हणजे तेच १९१३ वॉट. कुणाला ८० मिळाले तर शक्ती १५०० वॉट, आणि उलट हिशेब केला की व्होल्टेज २०० च्या आसपास. १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापायला सोळा-सतराऐवजी एकवीस मिनिटं लागतील. युनिटं जवळपास तेवढीच.

विहिरीवरच्या मोटरीला हा सोपा भागाकार लागू पडत नाही. व्होल्टेज घसरलं की ती उलट जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग जळतं. फीडरच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला ते सूत्राशिवाय ठाऊक असतं.

मल्टिमीटर घालून मोजण्याचं काम वायरमनवरच सोपवावं. मी एवढंच करते: गिझर दहा मिनिटं चालला की बटण बंद करून प्लग हातानं चाचपते. परवा इस्त्रीचा प्लग गरम लागला. इस्त्री १००० वॉटची, धारा ४.३ अँपिअर, तेवढ्याच ढिलाईत तिथे नऊ वॉट. बोट ठेवता येत होतं, पण फार वेळ नाही. तेही सॉकेट बदलून घेतलं.