विश्लेषण : अंगणासाठी कोणती फरशी योग्य? शहाबादी, कोटा, जांभा की पेव्हर ब्लॉक?

पावसाळा संपला की घरोघरी अंगणाची कामे निघतात. दुकानात नमुना पाहिला, रंग आवडला, दर जुळला की फरशी ठरते. पुढच्या आषाढात तिच्यावर शेवाळ धरते, पाणी उंबऱ्याकडे वळते आणि घरातले ज्येष्ठ अंगणात उतरायला घाबरतात. हे टाळायचे असेल तर रंगाआधी पाणी, उतार आणि खालची जमीन यांचा विचार करावा लागतो.

पाण्याचा प्रश्न किती मोठा?

20 बाय 15 फुटांचे अंगण म्हणजे सुमारे 28 चौरस मीटर. त्यावर दिवसभरात 100 मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण 2,800 लिटर पाणी जमा होते. कोकणात असे दिवस नवे नाहीत. मातीचे अंगण यातले बरेच पाणी पिऊन टाकते. सलग फरशी किंवा कोबा केल्यावर ते सगळे उताराकडे धावते. त्यामुळे उतार घराकडून बाहेर हवा. दर 10 फुटांना सव्वा ते दीड इंच उतार पुरेसा असतो. नवी फरशी घराच्या जोत्याच्या खालीच राहिली पाहिजे. जुन्या कोब्यावरच नवा थर चढवला, तर अंगण उंच होते आणि भिंतींना ओल येते.

शहाबादी आणि कोटा यांत फरक काय?

दोन्ही चुनखडीचेच दगड. शहाबादी करड्या रंगाची, कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येणारी. कोटा राजस्थानातला, हिरवट-निळसर किंवा तपकिरी. अंगणासाठी दोन्ही चालतात, मात्र पॉलिश न केलेल्या. घरात शोभणारी गुळगुळीत फरशी बाहेर ओली झाली की घसरते. चुनखडी आम्लाला दाद देत नाही असे नाही. लिंबाचा रस, चिंचेचे पाणी किंवा संडास साफ करण्याचे ॲसिड पडले की डाग उमटतो, चमक जाते. त्यामुळे शेवाळ काढायलाही ॲसिड वापरू नये. ब्लीचिंग पावडरचे पाणी आणि ताठ ब्रश पुरतो. मात्र ब्लीचिंग आणि ॲसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

काळा कडप्पा दिसायला देखणा, पण काळा रंग ऊन शोषतो. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी त्यावर अनवाणी उभे राहणे अवघड.

कोकणात जांभा का वापरतात?

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यात चिरा जवळच्या खाणीतून मिळतो, त्यामुळे वाहतुकीचा खर्च वाचतो. खाणीतून काढताना तो तुलनेने मऊ असतो, हवेत राहून कठीण होतो. पृष्ठभाग खडबडीत असल्याने पाय धरून ठेवतो. पण तो सच्छिद्र आहे. सावलीत, सतत ओल्या जागी त्यावर शेवाळ लवकर येते. ऊन आणि वारा मिळणाऱ्या अंगणात जांभा अधिक चांगला. दाट झाडीखाली दरवर्षी घासण्याची तयारी हवी.

पेव्हर ब्लॉक कुठे योग्य?

एखादा ब्लॉक खचला तर तेवढाच काढून पुन्हा बसवता येतो आणि फटींतून काही पाणी जमिनीत मुरते, हे त्याचे दोन फायदे. खालून पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी जात असेल, तर अख्खे अंगण फोडावे लागत नाही. खरेदी करताना जाडी आणि काँक्रीटची प्रत विचारावी; पेव्हर ब्लॉकसाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. गाडी उभी राहणार असेल तर किमान 60 मिलिमीटर जाडी घ्यावी. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल, तर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात आणि फटी रुंदावतात.

टाइल्स लावायच्याच असतील तर?

बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्या, खरखरीत पृष्ठभागाच्या टाइल्सच घ्याव्यात. भिंतीच्या किंवा चकचकीत टाइल्स अंगणात नकोत. टाइलखाली पोकळी राहिली, तर वजन पडताच ती तडकते. त्यामुळे खाली पक्का काँक्रीटचा थर लागतो.

खालच्या जमिनीकडे का पाहायचे?

काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट घातलेली कितीही महाग फरशी वर-खाली होते. वरची काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थराथराने धुम्मस करावी. त्यावर खडी आणि मग फरशीसाठी सिमेंटचा माल किंवा ब्लॉकसाठी दगडाची कच. खर्चाचा अंदाज घेताना फरशीच्या दरासोबत हे काम, वाहतूक आणि मजुरीही धरावी. आंबा, नारळाच्या बुंध्याभोवती माती मोकळी सोडावी. झाडाला पाणी मिळते आणि मुळे फरशी उचलत नाहीत.

घेण्यापूर्वी काय तपासावे?

नमुन्याचा तुकडा घरी आणावा. तो ओला करून त्यावर पाय घासून पाहावा. भर दुपारी उन्हात ठेवून त्यावर अनवाणी उभे राहावे. दगड असेल तर लिंबाचे दोन थेंब टाकून डाग पडतो का ते बघावे. मोजमापापेक्षा 5 ते 10 टक्के माल जास्त घ्यावा, कारण नंतरच्या खेपेत तोच रंग मिळेल याची खात्री नसते.

आणि फरशी बसली की सांधे भरण्याआधी चार बादल्या पाणी ओतावे. ते घराकडे वळले किंवा मध्ये साचले, तर दुरुस्ती तेव्हाच सोपी असते. गवंड्याचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्यावा.