रेघ कुठे ओढायची?

या आठवड्यात नॉर्डिक देशांतल्या कोलोनोस्कोपीच्या मोठ्या चाचणीबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं. ते आता पुढच्या आठवड्यावर गेलं. कारण लेस्टरहून एका वाचकबाईंचं पत्र आलं आहे आणि त्यांनी नेमका माझ्या आवडीच्या विषयाला हात घातला आहे.

त्या लिहितात : '२०२२ साली आमच्याकडे टपालाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीची नळी आली. यजमानांनी नमुना पाठवला. सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही, असं उत्तर आलं. धाकटे दीर एडिंबराला असतात. त्याच वर्षी त्यांनीही ती चाचणी केली, तर त्यांना दुर्बिणीसाठी बोलावलं आणि दोन पॉलिप काढले. तेव्हापासून घरात वाद आहे. स्कॉटलंडची यंत्रं जास्त बारीक बघतात का?'

नाही हो. फरक रेघेचा आहे.

शौचातलं रक्त शोधणाऱ्या जुन्या ग्वायकमच्या कार्डाचं उत्तर रंगात यायचं, निळं झालं की पॉझिटिव्ह, हे गेल्या खेपेला आलंच आहे. नळीतल्या एफआयटी म्हणजे फिट चाचणीत माणसाच्या हिमोग्लोबिनमधलं ग्लोबिन ओळखणारी प्रतिपिंडं असतात. त्यामुळे आदल्या रात्री मटण खाल्लं की मुळा, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. शिवाय ती आकडा देते : एक ग्रॅम शौचात अमुक मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन. आकडा आला की प्रश्न येतो, कितीपासून पुढे बोलवायचं? स्कॉटलंडने २०१७ साली ८० ठरवलं. इंग्लंडने २०१९ मध्ये १२० वर सुरुवात केली, वेल्सने त्याच वर्षी १५० वर. म्हणजे २०२२ साली ९५ आकडा आलेल्या गृहस्थांना एडिंबरात दुर्बीण, लेस्टरमध्ये 'गरज नाही' आणि कार्डिफमध्येही 'गरज नाही'. दीरांचा आकडा ९५ होता की ९००, हे आपल्याला ठाऊक नाही. यजमानांच्या पत्रातही आकडा छापलेला नसणार. त्यामुळे घरातला वाद मिटवणं माझ्या हातात नाही.

पण १२० आला कुठून? आतड्यात १२० वर काहीही घडत नाही. ११९ चा पॉलिप सौम्य आणि १२१ चा घातक असा काही निसर्गनियम नाही. ब्रिटनच्या तपासणीविषयक राष्ट्रीय समितीने २०१८ साली तर २० पर्यंत खाली जाण्याची शिफारस केली होती. तरी इंग्लंडने १२० धरला, कारण रेघ खाली आणली की पॉझिटिव्ह लोक वाढतात, प्रत्येकाला कोलोनोस्कोपी द्यावी लागते, आणि ती करणारे हात व टेबलं मोजकी असतात. आपल्याकडच्या अकरावी प्रवेशाची कट-ऑफ आठवा. ती मुलांच्या हुशारीवरून ठरत नाही, जागा किती आहेत त्यावरून ठरते.

हे सगळ्यात उघडपणे दिसलं ते नेदरलँड्समध्ये. २०१४ च्या जानेवारीत त्यांनी ५५ ते ७५ वयासाठी टप्प्याटप्प्याने कार्यक्रम सुरू केला. रेघ होती १५ वर. आधी प्रायोगिक अभ्यास केलेले, गणितं मांडलेली : शंभरातले साठ लोक नमुना पाठवतील, पाठवणाऱ्यांपैकी ६.४ टक्के पॉझिटिव्ह येतील. प्रत्यक्षात नमुने सत्तर टक्क्यांच्या आसपास लोकांनी पाठवले आणि पॉझिटिव्ह निघाले १०.६ टक्के. दोन्ही आकडे एकाच दिशेने चुकले! दुर्बिणीच्या रांगा वाढू लागल्या. शिवाय दुर्बीण घातलेल्या शंभरांपैकी साधारण पन्नास जणांत कर्करोग किंवा मोठा पॉलिप सापडेल अशी अपेक्षा होती, सापडत होता बेचाळिसांत.

डच मंडळींनी हे वर्षअखेरच्या अहवालात पुरून ठेवलं नाही. ते आकडे चालू कार्यक्रमातच बघत होते. वर्षाच्या मध्यावर रेघ १५ वरून थेट ४७ वर नेली. पॉझिटिव्हचं प्रमाण ६.७ टक्क्यांवर आलं आणि सापडण्याचं प्रमाण ४९ च्या घरात गेलं. या बदलाची किंमत कुणी दिली? ज्यांचा आकडा १५ ते ४७ च्या मध्ये होता त्यांनी. त्यांतल्या काहींचे पॉलिप दोन वर्षांनी, पुढच्या फेरीत सापडले असतील. ही किंमत डच लोकांनी मोजून दिली, म्हणून मला त्यांचा निर्णय पटतो. रांगेत महिनोन् महिने ताटकळणारा पॉझिटिव्ह माणूस हीसुद्धा किंमतच असते, फक्त ती कुणी छापत नाही.

कार्डांच्या काळात रेघ नव्हती असं समजू नका. ती पाण्याच्या थेंबात लपलेली होती. मिनेसोटाच्या प्रसिद्ध चाचणीत (४६,५५१ माणसं, निकाल १९९३) वाळलेल्या कार्डावर रसायन घालण्याआधी पाण्याचा थेंब टाकायला सुरुवात झाली. त्या एका थेंबाने पॉझिटिव्ह कार्डं २.४ टक्क्यांवरून ९.८ टक्क्यांवर गेली. परिणाम असा की दरवर्षी तपासणी होणाऱ्या गटातल्या ३८ टक्के लोकांची कधी ना कधी कोलोनोस्कोपी झाली. पुढच्याच वर्षी टीकाकार म्हणाले, मृत्यू ३३ टक्क्यांनी घटले यात कार्डाचं श्रेय कमी. इतक्या लोकांत दुर्बीण घातलीत तर योगायोगानेही बरंच काही सापडेल. मला ही टीका अर्धी खरी वाटते. कारण नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधल्या फ्यून बेटावरच्या चाचण्यांत तो थेंब नव्हता, तरी मृत्यू अनुक्रमे १५ आणि १८ टक्क्यांनी घटलेच. पण ३३ आणि १५ यांच्यामधल्या अंतरात त्या थेंबाचा वाटा असणार.

रेघ आपण जागेवर ठेवली तरी आकडा सरकतो, ही आणखी एक गंमत. फ्लॉरेन्समध्ये फिट चाचण्यांचे निकाल ऋतूंप्रमाणे लावून पाहिले, तर उन्हाळ्यात पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हिवाळ्यापेक्षा १७ टक्क्यांनी कमी निघाली. उष्णतेने नळीतलं हिमोग्लोबिन विघटित होतं. हे फ्लॉरेन्सचं ऊन! आपल्याकडे सरकारी तपासणी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची आहे, मोठ्या आतड्याची नाही. पण खासगी लॅबच्या पॅकेजात ही चाचणी कुणी घेतलीच, तर नागपूरच्या मे महिन्यात नळी स्कूटरच्या डिकीत दुपारभर ठेवू नये. निगेटिव्ह येईल आणि आनंद होईल.

बायकांचं काय, हा प्रश्न लेस्टरच्या बाईंनी विचारला नाही, पण विचारायला हवा होता. स्त्रियांच्या नमुन्यात हिमोग्लोबिन सरासरीने कमी सापडतं. म्हणून दोघांना एकच रेघ लावली की बायकांमधले कर्करोग जास्त निसटतात. स्वीडनने पुरुषांना ८० आणि स्त्रियांना ४० ठरवलं. फिनलंडने २०१९ च्या प्रायोगिक कार्यक्रमात ७० आणि २५. ब्रिटनने दोघांना एकच ठेवली. समतेचा हा प्रकार मला तरी पसंत नाही.

आता बाईंसाठी सगळ्यात महत्त्वाचं. तीच फिट चाचणी ब्रिटनमध्ये डॉक्टरही सांगतात : शौचाच्या सवयी बदलल्या असतील, विनाकारण वजन उतरत असेल, रक्तक्षयाचं कारण सापडत नसेल तेव्हा. २०२३ पासूनच्या मार्गदर्शनानुसार तिथे रेघ आहे फक्त १० वर. तक्रार असलेल्या माणसाला रांगेचा हिशोब लावत नाहीत. तेव्हा यजमानांना काही त्रास सुरू झाला, तर २०२२ चं ते पत्र डॉक्टरांपुढे करून 'मी मागे निगेटिव्ह होतो' म्हणू नये. ते पत्र १२० च्या रेघेचं आहे.

नॉर्डिक चाचणी पुढच्या आठवड्यात, आणखी कुणी पत्र लिहिलं नाही तर.