घटते वजन आणि मासिक पाळी

निवासी शाळेत मुलींचे पालकत्व आम्ही स्वीकारतो, तेव्हा त्यांच्या अभ्यासाइतकीच त्यांच्या आरोग्याची जबाबदारीही आमच्याकडे येते. मासिक पाळी हा विषय अनेक घरांत आजही कुजबुजीतच बोलला जातो. त्यामुळे वजन घटून थांबलेली पाळी कोणाच्या लक्षात येत नाही. आलीच, तर 'या महिन्यात त्रास टळला' अशा समाधानात ती विसरली जाते. म्हणून हा विषय स्मरणिकेत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पाळीच्या चक्राची सूत्रे मेंदूत असतात. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने एक संप्रेरक सोडतो. त्यामुळे पीयूषिका ग्रंथी कार्यरत होते, तिच्या संदेशाने अंडाशयात स्त्रीबीज परिपक्व होते आणि इस्ट्रोजेन स्रवते. या साखळीची पहिली कडी शरीरातील ऊर्जेच्या साठ्यावर लक्ष ठेवून असते. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक (त्याचा शोध १९९४ साली लागला) या साठ्याची वार्ता मेंदूला कळवते. साठा आटला, की मेंदूचे संदेश मंदावतात. हृदय, मेंदू, फुप्फुसे यांचा खर्च शरीराला टाळता येत नाही. गर्भधारणेची तयारी मात्र पुढे ढकलता येते. शरीर तेच करते.

इतिहासात याचा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली, तेव्हा तेथील असंख्य स्त्रियांची पाळी थांबली. पुढे १९७४ साली रोझ फ्रिश व जॅनेट मॅकआर्थर यांनी, पाळी सुरू होण्यास व टिकण्यास शरीरात किमान चरबी आवश्यक असते, असे मत मांडले. नंतरच्या संशोधनाने त्यात भर घातली : केवळ चरबी नव्हे, तर रोजच्या खर्चाच्या मानाने मिळणारे अन्नही निर्णायक असते. म्हणूनच वजन काट्यावर ठीक दिसणाऱ्या मुलीचीही पाळी थांबू शकते. पोलीस भरतीसाठी पहाटे उपाशीपोटी धावणारी, दुपारी अर्ध्या भाकरीवर उठणारी मुलगी आपल्या ओळखीची आहे. 'जाडी' म्हणून चिडवल्यामुळे रात्रीचे जेवण सोडणारीही आपल्याच घरातली असते.

यात खरी हानी हाडांची होते. इस्ट्रोजेन हाडांची झीज रोखते, आणि हाडांची बहुतांश घनता विशीच्या सुमारापर्यंत भरून निघते. नेमक्या याच वयात पाळी महिनोन्‌महिने बंद राहिली, तर हाडे कमकुवत राहतात. ही उणीव पुढे पूर्णपणे भरून येईलच असे नाही.

याचा अर्थ वजन कमी करणे वाईट, असा नव्हे. वजन जास्त असून पीसीओएसमुळे पाळी अनियमित असलेल्या अनेक स्त्रियांना, ५ ते १० टक्के वजन घटल्यानेही लाभ होतो. प्रश्न किती, किती वेगाने आणि काय खाऊन, हा आहे.

पालकांनी काही गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे ती थोडी मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. परंतु सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. विनाकारण वजन घटत असेल, तर तीन महिने वाट पाहू नये. क्षयरोग, थायरॉइडचे विकार, मधुमेह यांचीही तपासणी आवश्यक असते. विवाहितेने गर्भधारणेची शक्यता प्रथम पडताळावी. गोळ्या घेऊन रक्तस्राव झाला, म्हणजे शरीराचे मूळ चक्र परतले असे समजू नये. ते परतते पुरेशा अन्नाने आणि विश्रांतीने, आणि त्यास काही महिने लागू शकतात. भाकरी, डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे हे साधे अन्न येथे औषधाइतकेच मोलाचे आहे. सरावाआधी मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा एक केळ तरी पोटात असावे.

आमची पालकांस एकच विनंती आहे. मुलगी सुटीत घरी आली, की गुणांची चौकशी आपण करताच. 'पाळी वेळेवर येते ना? पोटभर जेवतेस ना?' हेही तितक्याच सहजतेने विचारावे. आणि हा प्रश्न वडिलांच्या तोंडीही शोभावा, अशी आमची इच्छा आहे.