नवा संगणक, जुने विमान : सिम्युलेटरचे स्थलांतर करताना

टिटवाळा (प्रतिनिधी) - दिवसभर लोकलचा प्रवास आणि रात्री तासभर वैमानिकाची खुर्ची, अशी हौस जोपासणारी मंडळी टिटवाळ्यापासून ठाण्यापर्यंत अनेक घरांत आढळतात. फ्लाइट सिम्युलेटर हा त्यांच्यासाठी निव्वळ खेळ नसतो. वर्षानुवर्षे जमविलेली विमाने, विमानतळ, भूप्रदेशाची दृश्ये आणि उड्डाणतासांची नोंदवही असा मोठा संसार त्यांच्या संगणकात साठलेला असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था जुन्या यंत्रांत बहुधा नसते. त्यामुळे हा संसार नव्या संगणकावर हलवायचा कसा, हा प्रश्न अनेकांपुढे उभा ठाकला आहे.

सर्वप्रथम मनात येणारा उपाय म्हणजे संपूर्ण फोल्डर उचलून नव्या यंत्रावर टाकणे. २००६ मध्ये आलेल्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या बाबतीत हा उपाय फसतो. कोणता प्रोग्रॅम कोठे बसविला आहे, याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्री नावाच्या खातेवहीत ठेवते. नव्या संगणकाच्या खातेवहीत ही नोंद नसल्याने ॲड-ऑन बसविणाऱ्या प्रोग्रॅमला मूळ सिम्युलेटर सापडतच नाही. म्हणून सिम्युलेटर नव्याने बसवावा, त्याचे २००७ मधील सुधारणा-संच चढवावेत आणि एकदा चालवून पाहावा. त्यानंतरच एकेक ॲड-ऑन बसवावे व प्रत्येकानंतर चाचणी घ्यावी. बिघाड कोणामुळे झाला हे त्यामुळे लगेच कळते. सिम्युलेटर 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये न बसविता स्वतंत्र फोल्डरमध्ये बसविणे हिताचे. अन्यथा विंडोजची सुरक्षा व्यवस्था फाइलींतील बदल अडवते. मूळ आवृत्ती डीव्हीडीवर असल्याने, नव्या संगणकात डीव्हीडी ड्राइव्ह नसल्यास बाहेरून जोडावा लागेल.

लॅमिनार रिसर्चच्या एक्स-प्लेनची रीत वेगळी आहे. त्याचा सारा पसारा एकाच फोल्डरमध्ये असतो आणि तो जसाच्या तसा उचलला तरी सहसा चालतो. मात्र विकत घेतलेल्या विमानांचे परवाने पुन्हा कार्यान्वित करावे लागतात.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० मधील आवृत्तीला सुमारे १५० जीबी जागा लागते. त्यातील बाजारपेठेतून केलेली खरेदी खात्याशी जोडलेली असल्याने ती पुन्हा उतरवून घेता येते. बाहेरून आणलेली ॲड-ऑन मात्र 'कम्युनिटी' नावाच्या फोल्डरमध्ये असतात. हा फोल्डर प्रथम सुरक्षित ठेवावा, नव्या यंत्रावर सिम्युलेटर रिकाम्या कम्युनिटी फोल्डरसह सुरू करून पाहावा आणि मग जुनी ॲड-ऑन थोडी थोडी आणावीत. २०२४ च्या आवृत्तीत २०२० ची अनेक ॲड-ऑन चालतात, सर्व नव्हेत. फ्लाइट सिम्युलेटर एक्ससाठी केलेली विमाने मात्र थेट चालणार नाहीत, कारण तो ३२ बिटचा आणि नवे दोन्ही ६४ बिटचे आहेत. याच कारणाने नव्या संगणकात ३२ जीबी मेमरी असली तरी जुना सिम्युलेटर ४ जीबीपलीकडे तिचा उपयोग करू शकत नाही.

परवान्यांचा मुद्दा सर्वांत खर्चिक ठरू शकतो. काही कंपन्या एक ॲड-ऑन ठराविक वेळाच कार्यान्वित करू देतात. त्यामुळे जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी त्यावरील परवाना रद्द करून घ्यावा. खरेदीची पावती, अनुक्रमांक व मूळ इन्स्टॉलर एकत्र जपावेत. विक्रेती कंपनीच बंद झाली असेल, तर आपल्याजवळचा इन्स्टॉलर हीच शेवटची प्रत ठरते.

खरा धोका मात्र विकत न मिळणाऱ्या गोष्टींना आहे. काळू नदीचे वळण किंवा गावातील गणपती मंदिराचा परिसर कुणी स्वतः तयार करून आपल्या सिम्युलेटरमध्ये बसविला असेल, तर तो अन्यत्र कोठेही नाही. जॉयस्टिकच्या बटणांची जुळणी, जतन केलेली उड्डाणे आणि नोंदवही यांचेही तसेच. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये नोंदवही व जतन केलेली उड्डाणे 'डॉक्युमेंट्स'मध्ये असतात. बटणांची जुळणी मात्र 'ॲपडेटा' या लपविलेल्या फोल्डरमध्ये असते, जो सहज दृष्टीस पडत नाही. प्रत काढताना पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर जाणार नाही, हेही ध्यानात ठेवावे.

सारे जुळून आल्यावर एक पूर्ण उड्डाण करून पाहावे. जुन्या सिम्युलेटरच्या नकाशात २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांसाठी खुला झालेला नवी मुंबई विमानतळ अर्थातच नाही. तो हवा असल्यास नवे ॲड-ऑन शोधावे लागेल. दिशादर्शनाची माहितीही दर २८ दिवसांनी बदलत असते. उड्डाण निर्विघ्न पार पडले, तरी जुनी हार्डडिस्क लगेच पुसू नये. काय राहून गेले, हे बहुधा काही आठवड्यांनंतरच लक्षात येते.