घोंगडी का टोचते?

सांगोला-मंगळवेढा भागातल्या मुलांना घोंगडीची ओळख करून द्यावी लागत नाही. पण त्यांतल्याच एखाद्याने विचारले, "स्वेटरही लोकरीचा आणि घोंगडीही लोकरीची, मग घोंगडीच का टोचते?" तर आपण काय सांगतो? 'गावठी लोकर हलकी असते' असे म्हणून वेळ मारून नेता येते. (बाजारातले बहुतेक स्वस्त स्वेटर लोकरीचे नसून ॲक्रिलिकचे असतात, ही गोष्ट वेगळी!) हे उत्तर आम्हाला पटत नाही. टोचणे हा तंतूच्या जाडीचा प्रश्न आहे, दर्जाचा नाही.

लोकरीच्या तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. मेरिनो मेंढीचा तंतू २० मायक्रॉनच्या आसपास असतो. पेरू देशात अँडीज पर्वतावर अल्पाका नावाचा उंटाच्या कुळातला प्राणी पाळतात. त्याची उंची लोकर साधारण २० ते ३० मायक्रॉनची असते. आपल्या दख्खनी मेंढीचे तंतू बहुधा ४० मायक्रॉनच्या घरात किंवा त्याहून जाड असतात. माणसाचा केस ६०-८० मायक्रॉनचा. दुप्पट जाडीने एवढा काय फरक पडणार, असे वाटेल. पण गोल तंतूचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दुप्पट झाली की ताठपणा सोळा पट!

कापडातून बाहेर आलेले तंतूचे टोक त्वचेला टेकते. बारीक तंतू लगेच वाकतो. जाड तंतू मात्र वाकण्यापूर्वी त्वचेवर जोर देतो, आणि हा जोर सुमारे ७५ मिलिग्रॅम वजनाइतका झाला की त्वचेतले वेदना जाणणारे मज्जातंतू चेतवले जातात. ही मर्यादा ३० मायक्रॉनच्या आसपास ओलांडली जाते. शंभरात पाच तंतू जरी त्याहून जाड असले तरी कापड टोचू लागते. यालाच अनेकजण लोकरीची ॲलर्जी समजतात.

हे वर्गात दाखवता येते. खराट्याच्या हिराचा जाड बुंध्याकडचा आणि बारीक शेंड्याकडचा असे सारख्या लांबीचे दोन तुकडे घ्यावेत. प्रत्येक तुकडा वजनकाट्याच्या पारड्यावर उभा धरून वरून दाबावा आणि तो वाकू लागतो तेव्हा काटा किती दाखवतो ते लिहावे. हीर नेमका गोल नसल्याने सोळा पट असा नेटका आकडा येणार नाही, पण फरक पाहून मुले चकित होतात.

आता हाच जाड तंतू धनगराच्या खांद्यावर पाहू. त्याला घोंगडी अंगालगत नको, सदऱ्यावर हवी. काट्याकुट्यात टिकणारी, रात्री रानात अंथरता येणारी, पावसात खोळ करून डोक्यावर घेता येणारी हवी. लोकरीच्या तंतूवर खवले असतात आणि त्यांवर स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यामुळे पावसाचा थेंब वरून ओघळतो. आतले केराटिन हे प्रथिन मात्र पाण्याची वाफ शोषते. साधारण दमट हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे १६ टक्के पाणी धरते, सूत ७-८ टक्के आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. अगदी दमट हवेत लोकर ३० टक्क्यांपर्यंत पाणी घेते, तरी हाताला ओली लागत नाही. वाफ शोषताना उष्णताही बाहेर पडते. कोरड्या दिवसानंतर दमट रात्र आली की घोंगडी ऊब देते त्यामागे हेही एक कारण आहे. ओले तंतू फुगतात आणि विणीतल्या फटी बुजू लागतात. शिवाय वापरताना खवले एकमेकांत अडकत जातात, म्हणून अनेक पावसाळे पाहिलेली घोंगडी नव्यापेक्षा घट्ट असते. अल्पाकाचे खवले चपटे असतात. त्यामुळे त्याची लोकर गुळगुळीत लागते, पण अशी सहज घट्ट होत नाही. अर्थात दिवसभराच्या झडीत घोंगडीही भिजते, आणि भिजल्यावर तिचे ओझे होते!

विणणाऱ्या सणगर कारागिरांना हे गुण चांगले ठाऊक आहेत. हातमागावर चढवण्यापूर्वी ते ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळे सुताचे मोकळे तंतू बसतात आणि ताणा तुटत नाही. काळ्या घोंगडीला रंग लावावा लागत नाही; तो मेंढीच्या लोकरीतच असतो.

मेरिनोसारख्या विदेशी जातींशी दख्खनी मेंढीचा संकर करून बारीक लोकर मिळवण्याचे प्रयोग महाराष्ट्रात झाले. पण मेरिनो वर्षाला चार-पाच किलो लोकर देते, दख्खनी किलोभरही देत नाही. मेंढपाळाचे उत्पन्न मांसावर आहे, म्हणून जत भागातल्या कमी लोकरीच्या माडग्याळी मेंढ्या लोकप्रिय झाल्या. दख्खनीची कातरलेली लोकर कित्येकदा विकलीच जात नाही, रानात टाकून द्यावी लागते. कातरण्याची मजुरी मात्र द्यावीच लागते. हे नुकसान कमी व्हायचे तर खरी घोंगडी विकली गेली पाहिजे. पण बाजारात कृत्रिम धाग्याच्या घोंगड्याही मिळतात, आणि नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

तो ओळखण्याचा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, शेजारी पाण्याची बादली ठेवून करावा. घोंगडीच्या दशीतले दोन धागे चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्यावेत. लोकर कष्टाने जळते, ज्योत दूर केली की बहुधा विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेला काळा गोळा चिमटीत चुरडला जातो. ॲक्रिलिक भराभर जळते, वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. तो मणी निवल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये.