जाहिरातदारांचा संप

संप म्हटला की भोंगा वाजूनही दरवाजाबाहेर उभा राहणारा कामगार डोळ्यांपुढे येतो. परंतु हात आखडता घेण्याचे सामर्थ्य गिऱ्हाइकापाशीही असते. २०२० च्या जुलैत अमेरिकेत फेसबुक कंपनीविरुद्ध असा संप झाला, आणि तो केला तिच्या जाहिरातदारांनी.

त्या वर्षी २५ मे रोजी मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय गृहस्थाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला. देशभर निदर्शने उसळली. लूटमार सुरू झाली तर गोळीबारही सुरू होईल, अशा आशयाचा अध्यक्ष ट्रम्प यांचा मजकूर फेसबुकने तसाच राहू दिला. १ जून रोजी कंपनीच्याच शेकडो नोकरांनी निषेधार्थ काम थांबविले. साऱ्या प्रकरणातली सर्वांत धीट गोष्ट मी हीच समजतो.

१७ जूनला काही संघटनांनी ‘स्टॉप हेट फॉर प्रॉफिट’, म्हणजे द्वेषावर नफा कमावणे थांबवा, ही मोहीम काढली. त्यांत १९०९ साली स्थापन झालेली कृष्णवर्णीयांची एन.ए.ए.सी.पी. होती, ज्यूद्वेषाविरुद्ध १९१३ पासून लढणारी अँटी-डिफमेशन लीग होती. त्यांनी नेम अचूक धरला. २०१९ साली कंपनीचे उत्पन्न सुमारे ७,०७० कोटी डॉलर होते, आणि त्यातले शेकडा ९८ हून अधिक जाहिरातींचे. तेव्हा कंपन्यांना आवाहन झाले: जुलैभर फेसबुकला जाहिरात देऊ नका. मागण्या दहा होत्या. नागरी हक्क जाणणारा वरिष्ठ अधिकारी नेमा, त्रयस्थाकडून नियमित तपासणी करवा, द्वेषाला बळी पडलेल्याला कंपनीच्या जिवंत माणसाशी बोलता येऊ द्या, अशा.

हजारावर कंपन्या सामील झाल्या. युनिलिव्हरने २६ जूनला अंग काढून घेतले, त्या एका दिवसात फेसबुकचा शेअर शेकडा आठने घसरला. ७ जुलैला मालक झुकरबर्ग वाटाघाटीस बसले. पुढारी मात्र निराश होऊनच उठले.

आणि उत्पन्न? जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत ते आदल्या वर्षाहून शेकडा २२ ने वाढले! कंपनीचे जाहिरातदार ऐंशी लाखांवर. एका अंदाजाप्रमाणे पहिल्या शंभर बड्यांकडून येणारा पैसा शेकडा सहाच. बाकीचे लहान दुकानदार. त्यांना गिऱ्हाईक मिळवायला दुसरा बाजार नव्हता. त्यांना बरोबर घेण्याची तजवीज झाली नव्हती. शिवाय संपाची अखेरची तारीख मालकाला आधीच ठाऊक असली, तर तो कॅलेंडर बघत बसतो.

तरी हाती काहीच आले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार नाकारणाऱ्या मजकुरावर १२ ऑक्टोबरला बंदी आली. नागरी हक्कांसाठी उपाध्यक्षही पुढे नेमला गेला. पण ही सारी मालकाने आपण होऊन काढलेली परिपत्रके होती. दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार झालाच नव्हता. ७ जानेवारी २०२५ रोजी, आता मेटा नाव धारण केलेल्या या कंपनीने स्थलांतरित आणि लिंगभाव यांविषयीच्या मजकुरावरील बंधने सैल केली, आणि अमेरिकेत बाहेरच्या संस्थांकडून होणारी सत्यशोधनाची व्यवस्था बंद करण्याचे जाहीर केले. त्यासाठी तिला कोणाशीही वाटाघाट करावी लागली नाही.