संगणकावर दोन खिडक्या

२०१७ साली जीएसटी आला आणि आपल्या गल्ल्याशेजारी संगणक येऊन बसला. लिनक्स मिंट मोफत मिळते, म्हणून काही दुकानदार तेच वापरतात. त्यात फोल्डरवर दोनदा क्लिक केले की नवा फोल्डर त्याच खिडकीत उघडतो, आधीचा दिसेनासा होतो. विट्याच्या मागवाल्यांची बिले आणि कराडची उधारी समोरासमोर पाहायची तर कंट्रोल धरून एन दाबा, दुसरी खिडकी उघडेल. एफ-३ दाबल्यास एकाच खिडकीचे दोन भाग होतात.

मात्र जपा! एकाच डिस्कवर बिल इकडून तिकडे ओढले तर नक्कल होत नाही, बिलच हलते. मार्चअखेरीस माझा अख्खा फोल्डर असाच रिकामा झाला. नक्कल हवी तर कंट्रोल धरून ओढावे. चूक झालीच तर लगेच कंट्रोल-झेड. पेनड्राइव्हवर ओढल्यास मात्र नक्कलच जाते.